उघडं पोस्ट

"मालनवहिनी, पट्टा बंद करा की जरा! नंबर लावायचं चाललंय, बोललेलं काय बी ऐकू येत न्हाई!"

गिरणीच्या दारात दगडू परीट दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडत होता. मी आत बळवंततात्याच्या घरचा शाळू दळत होते, आणि मुद्दाम जाड दळत होते. इतका जाड, की तात्याच्या बायकोची भाकरी तव्यावर टाकतानाच मोडावी. आठ महिने माझं हे चाललं होतं. दर आठवड्याला ती बिचारी विचारायची, "मालन, दगडाला टाकी लावायला झालीय काय गं?" आणि मी साळसूदपणे म्हणायचे, "शाळूच यंदा तसा आलाय काकी."

पेठेसाठी ते बळवंततात्या होते, तालमीचे जुने कारभारी. माझ्यासाठी मनातल्या मनात तो नुसता तात्या होता, आणि तोही एकेरी.

ही गोष्ट सदतीस वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात आमची चिंचतळे पेठ, आणि पेठेची चिंचतळे तालीम. तालीम म्हटलं की परगावच्या माणसाला कुस्ती आठवते. आमच्याकडं तालमीत माती असायची ती नावाला, पेठेचं खरं वेड फुटबॉल. तालमीच्या पायऱ्यांसमोरच आमची पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर तालमीचा काळा फळा. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, त्या फळ्यावर शहरातल्या सोळा संघांचे नंबर लागायचे. गोल घालणाऱ्यांचे नव्हेत. गोल काय, दिसतोच. नंबर लागायचे मागच्या फळीचे, म्हणजे पोस्टासमोर जे चार बॅक उभे राहतात त्यांचे. पुढं कुणी कितीही नाचू दे, पेठेची अब्रू मागं उभी असते, असं आमचे लोक म्हणायचे.

त्या नंबरांना दोन रिवाज चिकटलेले होते. ज्या फळीचा नंबर शेवटचा, तिच्या मुख्य बॅकच्या दारात चाळण टांगायची. आणि ज्या फळीचा नंबर पहिला, तिनं पुढच्या रविवारी 'उघडं पोस्ट' राखायचं. उघडं म्हणजे गोलकीपर नाही. चार बॅक, मागं मोकळं पोस्ट, आणि समोरून दहा हल्ले. हल्ला करायला कुणीही यावं, या पेठेचा, त्या पेठेचा, जुना, नवा. तीन गोल माफ. चौथा गेला की नंबर पुसायचा. आणि प्रत्येक गोलाला सगळ्या मैदानानं ओरडायचं, "खिंडार कुणाचं?" मग ज्याच्या हातात खडू, त्यानं ज्या बॅकची चूक त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि पाटीवर लिहायचं. तिथं मामा-भाचा, चुलता-पुतण्या काही चालायचं नाही.

म्हणून शहाणी माणसं भांडून भांडून आपल्या फळीला दुसरा नंबर घ्यायची. पहिला कुणालाच नको असायचा. खडू बारा वर्षं तात्याच्या हातात होता, आणि त्या बारा वर्षांत आमच्या तालमीचा नंबर कायम दुसरा होता.

मी पट्टा बंद केला नाही. दगडूला हातानं 'थांब' म्हटलं आणि कान बाहेर लावले.

पायऱ्यांवर पन्नास-साठ माणसं. विजेच्या खांबापलीकडं निशाण तालमीची माणसं उभी होती. खांबापर्यंत त्यांची हद्द, त्यापुढं आमची. निशाण तालीम म्हणजे माझं माहेर. माझा सख्खा भाऊ बापू त्यांचा डावा फॉरवर्ड.

"तुमचा गोली चांगला, फळी न्हवं," दगडू खांबाकडं तोंड करून सांगत होता. "फळी म्हंजे चौघं एका दोरीत पायजेत. तुमची एक दोरी, एक सुतळी, आणि दोघं नुसतं लोंबकळत असत्यात."

"आणि तुमची?" पलीकडून आवाज आला. "फायनलला तुमच्या फळीनं स्वतःच्याच पोस्टात घातला की!"

कुणीतरी खोकलं. दोन-चार माना गिरणीकडं वळल्या आणि चटकन परत फिरल्या.

तात्या कानावरचा खडू काढत हसला. पांढरा लेंगा, इस्त्रीचा सदरा, मिशीला तेल. "ते जाऊ दे रं. ते भोक बुजवलंय आम्ही. त्या जागी आता आमचा धनाजी हाय." धनाजी म्हणजे तात्याच्या बहिणीचा मुलगा. वीस वर्षांचा, उंचापुरा, केस वळवून ठेवणारा. फायनललाही फळीत होता, उजव्या कडेला; आता मुख्य बॅक झाला होता.

मी पट्टा बंद केला.

ते भोक म्हणजे माझा नवरा.

मार्चमध्ये फायनल झाली होती, आमची आणि निशाणची. बरोबरी चालली होती. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना आमच्या उजव्या बाजूनं बापू आत आला, त्यानं बॉल आडवा मारला, आणि आमचे हे, आनंदराव, धावत येऊन त्याच्यावर घसरले. बॉल त्यांच्या नडगीला लागला आणि आपल्याच पोस्टात गेला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला बॉल दिसला, नडगी दिसली, जाळं हललेलं दिसलं. सगळं मैदान बॉलकडंच बघत असतं, मीही तेच करत होते.

चौदा वर्षं खेळलेला माणूस. कुणाचा पाय मोडला नाही, कुणाला शिवी दिली नाही. त्या संध्याकाळी तालमीच्या पायरीवर बसून तात्या काय म्हणाला? "आनंदा चुकला न्हाई रं. माणूस शाणा हाय. सासरवाडीची ओटी भरली त्यानं."

झालं. पेठेला चघळायला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कडीला चाळण टांगलेली, आणि चाळणीत नारळ, हिरवा खण, हळकुंड आणि मूठभर तांदूळ. बाप्या माणसाच्या नावानं ओटी! माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. ह्यांनी चाळण खाली काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आत ठेव." बस्स. त्याच दुपारी जर्सी घडी करून तालमीच्या पायरीवर ठेवून आले. त्यानंतर मैदानाकडं पाय नाही, पायरीवर बसणं नाही, चारचौघांत एक शब्द नाही. गिरणीचा पट्टा दुरुस्त करायचे, दगडाला टाकी लावायचे, जेवायचे आणि झोपायचे.

चाळण मी माळ्यावर ठेवली, नारळासकट. त्या दिवशी ठरवलं, तात्याच्या तोंडातनं जे बाहेर पडलंय, ते त्याच तोंडानं, त्याच लोकांच्या पुढं, परत गिळायला लावायचं. मग त्याला वर्ष लागो नाहीतर जन्म जावो.

तर मी पदर खोचला आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या हातानं फळ्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तात्या, यंदा आपला नंबर कितवा?"

"दुसरा," तात्या म्हणाला. "तू दळण बघ बाई. हे बॅकचं गणित हाय."

"दळणच बघतो की मी. पण फळा माझ्या भिंतीवर हाय, तवा दोन शब्द मी बी बोलतो." आमच्याकडं बाई असो बाप्या, 'बोलतो'च म्हणतात. "दुसरा का? आपल्यात काय कमी हाय?"

"वहिनी, आवो..." दगडू मधे पडला.

"तू थांब दगडू. तूच साक्षीदार हायस. नऊ वर्सं मी बॅकचं कपडं धुतलंय. माती कुठं लागती आन् कुठं लागत न्हाई, त्यावरनं मला सगळा खेळ कळतो. आमच्या ह्यांच्या पँटी बघितल्या असशील. मांडीपास्नं खालपर्यंत लाल माती. का? तर घसरायला लागायचं, म्हंजे माणूस कमीच. आता सांग, धनाजीची पँट तू धुतोस. माती असती?"

दगडूनं डोकं खाजवलं. "न्हाई बा. एक डाग नसतो. इस्त्री मोडलेली नसती कवा कवा."

"बघा!" मी खांबाकडं वळले. "घसरायची पाळीच येत न्हाई गड्याला. असला बॅक कुठल्या पेठेत हाय? निशाणात हाय?"

निशाणवाल्यांनी जी शिट्टी घातली! त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "एक नंबर! चिंचतळे एक नंबर! धनाजी एक नंबर!"

तात्याचा खडू हवेतच राहिला. "तसं न्हवं मालन. पोरगा चांगला हाय, पण मान मोठा होतो..."

"का तात्या? भाच्यावर भरवसा न्हाई? मग तसं लिवा. लिवा सोळावा नंबर. चाळण माझ्या घरात हाय, मी आणून देतो."

पायऱ्यांवर हशा पिकला. धनाजी मागच्या पायरीवर उभा होता. पोराचं तोंड लालबुंद झालं होतं, आणि ते खुशीनं नव्हतं, एवढं मला तेव्हाही दिसलं. पण मी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हते. तात्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. साठ माणसं, खांबापलीकडं तीस. 'नको' म्हणावं तर भाचा पडतो, 'हो' म्हणावं तर उघडं पोस्ट. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"लिवतो की," तो शेवटी म्हणाला. "भितो काय?" आणि फळ्यावर पहिल्या ओळीत लिहिलं, 'चिंचतळे'. अक्षर वाकडं आलं.

मी आत येऊन पट्टा चालू केला. चाक अर्धा फेरा सैल केलं आणि तात्याचा उरलेला शाळू आणखी जाड दळला.

संध्याकाळी हे गिरणीत दगडाला टाकी लावत बसले होते. छिन्नीचा टकटक आवाज.

"ऐकलं काय?" मी विचारलं.

"ऐकलं."

"रविवारी उघडं पोस्ट. दहा हल्ले. कुणीबी जावं."

"पोराला फासावर चढवलंस."

"पोराला न्हाई, त्याच्या मामाला. तुम्ही जावा. ह्यो धनाजी तुमच्याच हाताखाली शिकलाय. त्याचं कच्चं पक्कं तुमच्याइतकं कुणाला ठावं न्हाई. चार गोल घाला आणि या."

"मी बॅक हाय मालन. गोल घालायचं काम माझं न्हवं."

"लोक तर म्हणत्यात, तुम्हीच घातलासा."

टकटक थांबली. माझी जीभ तिथल्या तिथं झडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ह्यांनी छिन्नी खाली ठेवली, हात झटकले, आणि माझ्याकडं न बघता उठून गेले. त्या रात्री जेवले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता जाग आली तर अंथरूण रिकामं. माळ्यावर बघितलं, बूट नव्हते. सहा दिवस असंच चाललं. अंधारात जायचे आणि गिरणी उघडायच्या वेळेला परत यायचे. विचारलं तर, "फिरून आलो." पँट मात्र लाल मातीनं भरलेली. मी धुतली आणि वाळत घातली.

शनिवारी बापू आला. मी चहा टाकला. तो दाराशीच उभा राहून विचारतो, "दाजी कसे हैत?"

"तुला काय करायचंय? तूच घातलास त्यांना गोत्यात."

"मी आडवा बॉल मारला अक्का. ते माझं कामच हाय," बापू हसला. त्याच्याही चपलांना लाल माती होती. "उद्या ये मैदानावर. गिरणी बंद ठेव."

आमची गिरणी फक्त नागपंचमीला बंद असते. त्या रविवारी मी ती बंद ठेवली. चाळण, नारळ, खण, हळकुंड, तांदूळ सगळं एका पिशवीत घातलं आणि गेले.

मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पेठा लोटल्या होत्या. पोस्टाच्या बाजूला तात्या खुर्ची टाकून पाटी-खडू घेऊन बसला होता. आमचे चौघे बॅक मोकळ्या पोस्टापुढं उभे. धनाजी उजव्या बाजूला, पाच नंबरच्या जर्सीत. ती जर्सी कुणाची होती हे सांगायला नको.

पहिला हल्ला चौघांनी परतवला. दुसराही. तिसऱ्याला निशाणच्या एका म्हाताऱ्या फॉरवर्डनं लांबूनच मारला आणि बॉल मोकळ्या पोस्टात गेला. "खिंडार कुणाचं?" मैदान ओरडलं. तात्यानं डाव्या बॅकचं नाव घेतलं, लिहिलं. पाचव्याला एक गेला, पुन्हा दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. सातव्याला एक गेला. तो धनाजीच्या बाजूनं गेला होता, पण तात्यानं नाव घेतलं मधल्या बॅकचं. लोक कुजबुजले. पण खडू त्याच्या हातात.

तीन गोल झाले. माफी संपली. आठवा हल्ला धनाजीनं अंगावर धावून जाऊन उधळला, तेव्हा आमच्या लोकांनी टाळ्या-शिट्ट्यांचा नुसता पाऊस पाडला. नववाही तसाच. पोरगं टाळ्यांनी फुललं. तात्यानं खुर्चीखालनं हार काढून मांडीवर ठेवला.

"दहावा!" दगडू ओरडला. "शेवटचा! कोण येतंय?"

निशाणच्या बाजूनं बापू निघाला. आणि आमच्या बाजूनं, माणसांच्या मागनं, बिन नंबरचा जुना बनियन घालून आमचे हे.

माणसं टाचा उंचावून बघायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, "आलं बघ, सासरवाडीचं पाव्हणं." दोघं-तिघं हसले. मी पिशवी घट्ट धरली.

बापूनं मधल्या रेषेवरून बॉल घेतला, डाव्या कडेनं निघाला, धनाजीच्या बाजूला. जवळ आल्यावर त्यानं बॉल किंचित आत सोडला, हातभर, जणू सुटलाच पायातनं. मैदान ओरडलं, "घे धनाजी!" आणि धनाजी आपली जागा सोडून बॉलवर धावला. बापूनं तेवढ्यात बॉल परत ओढला. धनाजी पुढं तोंडावर पडला. मागं जागा मोकळी, अंगणासारखी. बापू त्या जागेतनं आत आला आणि त्यानं बॉल आडवा मारला.

तेव्हा मला मार्चमधली फायनल दिसली. तीच बाजू, तोच आडवा बॉल. फक्त या वेळी मी बॉलकडं बघत नव्हते, मोकळ्या जागेकडं बघत होते. त्या दिवशी आमचे हे तिथं घसरले होते, कारण ती जागा ज्याची होती तो तिथं नव्हताच. टाळ्यांसाठी पुढं धावला होता. ते खिंडार बुजवायला माझा नवरा चाळीस पावलं धावत आला होता. आणि आठ महिने हे त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण पोरगं त्यांच्या हाताखालचं होतं.

हे मधून धावत आले. समोर मोकळं पोस्ट. मी ओरडले, "घाला!"

त्यांनी घातला नाही. बॉल बरोबर पोस्टाच्या रेषेवर अडवला आणि त्यावर पाय ठेवून उभे राहिले.

मधला बॅक धावत आला. ह्यांनी नुसता हात वर केला. पोरगं जागच्या जागी थांबलं. चौघंही त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

"तात्या," ते म्हणाले. आठ महिन्यांत चारचौघांत काढलेला पहिला शब्द. "खिंडार कुणाचं?"

"आधी बॉल घाल की," तात्या म्हणाला. "बॉल आत गेला न्हाई तर खिंडार कसलं?"

"घालतो. एक बोटभर ढकलायचाय. आधी नाव सांगा."

"असा नियम न्हाई."

"नसू दे. मला घाई न्हाई. आठ महिने उभाच हाय."

कुणी हसलं नाही. मग निशाणच्या बाजूनं सुरू झालं, "खिंडार कुणाचं? खिंडार कुणाचं?" आणि हळूहळू आमच्या बाजूनंही. दगडूसुद्धा ओरडायला लागला. तात्या खुर्चीवरनं उठला, बसला, पुन्हा उठला. हार मांडीवरनं मातीत पडला.

"मामा, सांगा."

धनाजी उठून उभा होता. त्याच्या पँटीला पहिल्यांदाच माती लागली होती. "सांगा की. त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं मी तुमास्नी."

"गप बस!" तात्या खेकसला.

"तवा बी तुम्ही हेच म्हणाला होता," पोरगं म्हणालं. त्याला रडू फुटत होतं. "जागा मी सोडली, काका न्हाईत, असं सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला, गप बस, तुझी जर्सी जाईल."

म्हणजे तात्याला माहीत होतं! चाळण टांगली त्या दिवशीसुद्धा माहीत होतं. चुकून नाही, गैरसमजानं नाही, जाणूनबुजून.

"नाव," हे म्हणाले.

तात्याचे ओठ हलले.

"ऐकू आलं न्हाई."

"धनाजी."

"आता हे आजचं झालं. मार्चचं?"

तात्याच्या हातातला खडू मोडला. त्यानं लोकांकडं बघितलं. बारा वर्षं ज्यांना नंबर लावून दिले, त्यांतला एकही माणूस त्याच्या नजरेला नजर देईना.

"धनाजीचंच," तो म्हणाला. "आनंदाचं न्हवं."

"लिवा."

मोडक्या खडूनं त्यानं पाटीवर लिहिलं. दगडूनं पाटी त्याच्या हातातनं घेतली आणि उंच धरून चारी बाजूंना फिरवली.

मग ह्यांनी बॉलवरचा पाय काढला. मला वाटलं, आता घालणार. चौथा गोल, नंबर पुसला, माझा सूड पुरा. पण ते वळले, पोस्टाला पाठ केली, आणि बॉल असा सणसणीत मारला की तो मधल्या रेषेपलीकडं, पार निशाणवाल्यांच्या डोक्यावरनं गेला.

"माझ्या तालमीच्या पोस्टात मी बॉल घालत नसतो तात्या," ते म्हणाले. "कवाच घातला न्हवता."

काय तो गलका झाला! माणसं आत घुसली. ज्यांनी आठ महिने तोंड फिरवलं होतं त्यांनीच त्यांना खांद्यावर घेतलं. बापू नाचत होता. धनाजी अंगातली जर्सी काढून उघडाच उभा होता, द्यायला, पण त्याला कुणी पुढंच जाऊ देईना. मला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला. हा माणूस सरळ. त्याचं पोट तेवढ्यात भरलं. माझं नव्हतं भरलं. मी काही त्यांच्या तालमीत शिकले नव्हते.

तात्या खुर्चीजवळ एकटाच उभा होता. मी गर्दीतनं वाट काढत त्याच्यापुढं गेले.

"तात्या, सदरा धरा पुढं."

"मालन, झालं ते झालं..."

"धरा म्हटलं."

त्यानं काय मनात आणलं कोण जाणे, पण सदऱ्याची टोकं धरली. बहुतेक हातांना दुसरं काही सुचेना. मी पिशवीतनं चाळण काढली आणि सगळं त्याच्या सदऱ्यात ओतलं. तांदळाला किडे लागले होते. खणाचा रंग गेला होता. नारळ आत सुकून खुळखुळत होता.

"बाईची ओटी कुणी परत करत नसतं," मी म्हटलं, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पण ही माझी न्हवतीच. तुमचीच होती, तुमच्याकडं आली. चाळण मी ठेवून घेतो, गिरणीत उपयोगाला येती."

तात्या सदरा धरून तसाच उभा राहिला. सोडला तर नारळ पायावर पडणार, धरला तर ओटी भरलेली दिसणार. मी घरी आले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा रविवारी दुपारी झोपले.

सोमवारी सकाळी तात्या स्वतः दळण घेऊन आला. डोक्यावर डबा, मिशीला तेल नाही. हे दगडाशीच बसले होते. अंगावर पाच नंबरची जर्सी. धनाजी पहाटेच आणून देऊन गेला होता आणि जाताना विचारून गेला होता, "काका, उद्यापासनं पाच वाजता येऊ काय?" हे 'ये' म्हणाले होते.

तात्यानं डबा खाली ठेवला. "बारीक दळ गं पोरी," तो खालमानेनं म्हणाला. "म्हातारीला भाकरी जमंना झालीय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. "बारीक दळ मालन," ते म्हणाले. "झालं आता."

"व्हय की," मी म्हटलं. "दळतो."

पट्टा चालू केला. शाळू वर ओतला. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत चाक आणखी अर्धा फेरा सैल केलं.